पलीकडचा काठ

दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला तो असा, की घरातली एखादी खोली समुद्रकिनाऱ्यासारखी खेळकर कशी सजवावी, हे तुम्ही अनुभवी पेंटर म्हणून वाचकांना सांगा. संपादक यवतमाळचे, मी पुसदचा. आम्हा दोघांच्या घरापासून समुद्र किती लांब आहे, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही. तरी त्यांनी मागितला आणि मी लिहायला बसलो, कारण या विषयावर मला बरंच बोलायचं आहे. त्यातलं गोड फारसं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आमच्या बाजारात नवीन दुकान निघालं आहे. तिथे समुद्र मीटरवर मिळतो. गुंडाळी उलगडायची, मागे खळ लावायची आणि भिंतीवर चिकटवून टाकायचा. मी मुद्दाम बघायला गेलो. दुकानदाराने तीनचार समुद्र उलगडून दाखवले. प्रत्येकात पलीकडे काहीतरी होतंच. एकात डोंगर, एकात झाडांचं बेट, एकात लाल कौलांचा बंगला. मी म्हटलं, "पलीकडे काही नाही असा दाखव." तो म्हणाला, "तसा माल येत नाही चाचा. रिकामा कोण घेते?" मी तिथून निघालो तो तणतणतच. घरी आल्यावर सूनबाई म्हणाली, अब्बा, कागदावर कशाला राग काढता? मी कागदावर रागावलो नव्हतो.

माझं नाव गफूर. पुसदमध्ये जुनी माणसं गफूर पेंटर म्हणून ओळखतात. आमच्या घरात बोलणं हिंदी, पण शाळा मराठी, म्हणून लिहिता येतं. माझे अब्बा चुन्याचं काम करायचे. मी चुन्यात वाढलो आणि पुढे तेलाच्या रंगाकडे, पाट्या आणि चित्रांकडे वळलो. बाहेरच्या माणसाला वाटतं, रंगारी म्हणजे डब्यात कुंचा बुडवायचा आणि भिंतीला फासायचा. कुंचा शेवटी येतो. आधी भिंत खरवडायची, फटी भरायच्या, ओल कुठून येते ते शोधायचं. भिंत आजारी असेल तर वर कितीही रंग लावा, ती आपला आजार बाहेर काढतेच.

आमच्या वेळी रंग दोन प्रकारचे. एक चुन्याचा. चुन्याची कळी पिंपात टाकली की पाणी आपोआप खदखदायला लागतं. ते निवलं की फडक्यातून गाळायचं, कपड्यांना लागू नये म्हणून सरस घालायचा, पाहिजे तो रंग मिसळायचा. हा स्वस्त, आणि सकाळी दिला की संध्याकाळी वाळतो. दुसरा तेलाचा. आपल्याच रानातल्या जवसाचं तेल, त्यात सफेदा आणि रंग. हा भिंतीवर कातडीसारखा बसतो, ओल्या फडक्याने पुसता येतो, पण वाळायला दिवसच्या दिवस घेतो. या दोघांचं आपसात पटत नाही. जुन्या वाळलेल्या चुन्यावर तेल बसतं. तेलावर चुना बसत नाही. दिसायला बसतो, पण ऊन तापलं की पोपडे धरतो आणि गळून पडतो. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

समुद्राचं हे खूळ आमच्याकडे छप्पन साली राज्य बदललं, आमचा मुलूख नागपूरकडून मुंबई राज्यात गेला, तेव्हापासूनचं. त्याआधी आमच्या मोठ्या लोकांची धाव नागपूरपर्यंत. राज्य बदललं आणि सगळी कामं मुंबईला गेली. मग कापसाचे व्यापारी, वकील, पुढारी मुंबईला जाऊ लागले आणि येताना डोळ्यांत समुद्र घेऊन येऊ लागले. गावात प्यायचं पाणी बायका उन्हाळ्यात कोसावरून आणत, आणि यांना बैठकीत लाटा पाहिजेत.

पहिला समुद्र मी घाटंजीच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या बैठकीत काढला. मी समुद्र पाहिलेला नव्हता. कॅलेंडरांवरची चित्रं बघितली, पण कॅलेंडरातला समुद्र हातभर, भिंत पुरुषभर उंच. तेव्हा मला एका तांड्यावरचे म्हातारे नाईक आठवले. बंजारा मंडळी पूर्वी बैलांवर मीठ लादून गावोगाव नेत, त्याला ते लदेणी म्हणत. नाईकांचा आजा लदेणीवर थेट किनाऱ्यापर्यंत जाऊन आलेला. त्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "आजा सांगे, जमीन सारी पांढरी राह्यते. डोळे दिपते. चाललं तं पायाखाली करकर वाजते." मी वाळू पांढरीशुभ्र केली. ती मिठागरं होती, वाळू नव्हे, हे सांगायला तिथे कोण होतं? झाडं मी शिंदीची काढली, कारण उंच आणि वर झुपका असलेलं झाड मला तेच ठाऊक. आणि पाणी काढलं ते पुराच्या पैनगंगेचं, निळं करून. पलीकडे काठ, काठावर बाभळी, मागे टेकड्या. पाण्याला दोन काठ असतात हे शेंबड्या पोरालाही कळतं, तिथे कॅलेंडर बघायची काय गरज?

व्यापारी खूश झाला. फक्त लाटांची तोंडं त्याने फिरवून घेतली, कारण पाणी दाराकडे वाहिलं तर लक्ष्मी बाहेर जाते असं त्याच्या आईचं म्हणणं. नावेतल्या माणसाला त्याने स्वतःचं तोंड लावायला सांगितलं, आणि ते लावल्यावर म्हणाला, "तोंड बरोबर आहे, पोट जरा कमी कर." मी पोट कमी केलं. लोक बघायला आले. कोणी विचारलं, हे तळं कुठलं? तो म्हणे, "मुंबईचं." त्यानंतर मला पुसदपासून राळेगावपर्यंत समुद्राची बोलावणी येऊ लागली, आणि मी सगळीकडे पैनगंगाच काढत गेलो. कोणाचीही तक्रार आली नाही.

तक्रार आली ढाणकीत.

ढाणकीच्या बाजाररस्त्यावर एका बड्या धान्यव्यापाऱ्याचं पक्कं घर होतं. त्यांना गाव भाऊसाहेब म्हणायचं. त्यांचा मुलगा वसंता. त्याची बायको सुमती कोकणातली, वेंगुर्ल्याकडची. इतक्या लांबची सोयरीक कशी जुळली म्हणाल, तर राज्य बदलल्यावर तिकडचे सरकारी नोकर इकडे बदलून आले, त्यांत तिचे वडील उमरखेडला होते. मुलगी उजवली आणि वर्षाच्या आत त्यांची बदली परत तिकडे झाली. ते गेले, मुलगी राहिली. लग्नाला दोन वर्षं झाली तरी ती माहेरी गेली नव्हती. कधी पेरणी, कधी घरातलं लग्न, कधी सासूचे गुडघे. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, इतक्या लांब पोचवून द्यायला कोण जाईल?

वसंताने मला बोलावलं ते दिवाळीच्या आधी. तो मुंबईला एका हॉटेलात उतरला होता, तिथली खोली त्याच्या मनात भरली होती. भिंतीवर समुद्र, खाली निळेपांढरे पट्टे, कोपऱ्यात जाळं, नारळाच्या करवंटीत दिवा, कपाटाला नावेचा आकार. तशी खोली त्याला माडीवर करायची होती. ओसरीवर चहा देत तो मोठ्या कौतुकाने म्हणाला, "गफूरभाई, ही सारखी माहेर माहेर करून राह्यली. म्हटलं, समुद्रच पाह्यजे ना तुले? घरातच आणून देतो. मंग कायले जाते?"

हे तो हसत म्हणाला, वाईट हेतूने नव्हे, आणि म्हणूनच मला जास्त संताप येतो. बायकोला दोन वर्षं आईबाप दाखवले नाहीत, आणि त्याबदली रंगाचे डबे. वर तिने खूश व्हायचं. ज्या कामासाठी मला बोलावलं ते काम खोली सजवायचं नव्हतं, एका मुलीचं तोंड बंद करायचं होतं. पण काम म्हणजे काम. मी दुसऱ्या दिवशी शिडी लावली.

आता तिथली रीत सांगतो. नव्या सुनेच्या खोलीत परका पुरुष काम करणार, त्यातून मी मुसलमान. सुमतीला तिथे एकटीने थांबायची सोय नव्हती. तिच्याखेरीज तर खोली होणार नव्हती, कारण समुद्र पाहिलेलं माणूस घरात तेवढंच. म्हणून भाऊसाहेबांनी आपल्या बायकोला राखणीला बसवलं. मी त्यांना माय म्हणायचो. माय खाटेवर बसायच्या, सुपारी कातरत. सुमती उंबऱ्याशी, डोक्यावर पदर घेऊन. मी शिडीवर. आमचा संसार असा सुरू झाला.

सुरुवातीला सुमती काहीच बोलली नाही. मी आपला नेहमीचा समुद्र उभा करत होतो. पाणी झालं, शिंदी झाल्या, पलीकडचा काठ काढायला घेतला. बाभळीचं पहिलं झाड होत आलं तेव्हा मागून आवाज आला, "भाऊ, तिकडे काय काढताय?"

"काठ," मी म्हटलं.

"कशाचा?"

"समुद्राचा. दुसरा कशाचा राहीन?"

"समुद्राला पलीकडचा काठ नसतो."

मायचा अडकित्ता थांबला. "नाई कसा? पाण्याले दोन काठ राह्यतेच."

"दिसत नाही आत्याबाई."

"लय दूर आहे म्हणून दिसत नाई, असं म्हण."

"असेल. पण आमच्याकडे कुणालाच दिसलेला नाही. वडिलांना नाही, आजोबांना नाही."

"मंग पाणी थांबते कुठी?"

सुमतीने जरा विचार केला. मग म्हणाली, "थांबत नाही."

मला राग आला, खरं सांगतो. इतक्या भिंती रंगवल्या, कोणी बोट ठेवलं नाही, आणि ही काल आलेली मुलगी सांगते की अर्धी भिंत रिकामी सोड. गिऱ्हाईक म्हणेल, पेंटरने काम अर्धवट टाकलं. पण ती काही हट्टाने बोलत नव्हती. आपल्या घरात कुठे काय ठेवलेलं असतं ते सांगावं तसं सांगत होती. रंग ओला होता. मी टर्पिनमध्ये बोळा भिजवला आणि बाभळी पुसल्या, टेकड्या पुसल्या. पाणी वर वर नेलं, फिकं करत नेलं आणि आभाळात सोडून दिलं. शिडीवरून उतरून मागे सरकलो आणि बघत राहिलो. माय पण बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भेव वाटते बाई." आणि जागच्या काही हलल्या नाहीत.

त्यानंतर सुमतीची जीभ सुटली. शिंदीचे नारळ झाले. नारळ सरळ उभा नसतो, पाण्याकडे झुकतो, हे मला तेव्हा कळलं. पांढऱ्या वाळूवर तर ती पदर तोंडात धरून हसली. वाळली की कोंड्याच्या रंगाची, ओली की काळसर, असं तिने सांगितलं, आणि स्वयंपाकघरातून खरोखरच मूठभर कोंडा आणून दाखवला. कोनाड्याच्या कडेने एक खेकडा वर चढताना काढायला लावला, जणू कोनाड्यातली लाडवांची परडी त्याला पळवायची आहे. निळेपांढरे पट्टे तिने स्वतः दोरी धरून आखून दिले. जाळं पैनगंगेवरच्या भोयांकडून आलं, नदीचं जाळं, पण जाळं ते जाळं. शिंपले कुठून आणायचे हा प्रश्न पडला, तेव्हा माय म्हणाल्या, "तांड्यावरच्या बायांच्या कपड्याले कवड्या राह्यते. त्या समुद्रातल्याच ना?" निरोप गेला. बाजाराच्या दिवशी दोन बंजारा बायका आल्या आणि जुन्या ओढणीच्या कवड्या उसवून देऊन गेल्या. आमच्या जिल्ह्यात समुद्राची म्हणून जी वस्तू होती ती एवढीच, आणि देवघरातला शंख. सुमतीने त्या कवड्या आरशाच्या चौकटीला लावल्या आणि एक कवडी बराच वेळ कानाशी धरून बसली.

माय रोज नवीन प्रश्न घेऊन बसत. एवढं पाणी आहे तं लोक पेत काहून नाई? खारट आहे तं मासोळ्या कशा जगते? रात्री पाणी कुठी जाते अन् सकाळी परत काहून येते? सुमती उत्तरं द्यायची, मी ऐकत ऐकत रंग द्यायचो. मायनी जन्मात ढाणकीबाहेर पाहिलं होतं ते पुसद आणि माहूर. राखणीला बसवलेलं माणूस असं गोष्टीत अडकलं होतं, आणि घरातल्या पुरुषांना त्याचा पत्ता नव्हता. मी आयुष्यात पुष्कळ खोल्या केल्या, पण तितकं आनंदाचं काम मला पुन्हा मिळालं नाही.

भाऊसाहेब वर आले ते दिवाळीला दोन दिवस उरले तेव्हा. पाहुणे यायचे होते. त्यांनी पट्टे बघितले, कपाट बघितलं, खेकडा बघून हसले. मग भिंतीसमोर उभे राहिले.

"हे वरचं अर्धं काहून सोडलं?"

मी म्हटलं, "भाऊसाहेब, ते असंच आहे. पलीकडे पाणीच पाणी."

"पाणीच पाणी म्हणजे? पाहणाऱ्याची नजर कुठीतरी टेकली पाह्यजे का नाई? तिकडं काठ काढ. एक देऊळ काढ, कळसाचं. एक बंगला काढ."

उंबऱ्याशी सुमती होती. ती हळूच म्हणाली, "मामाजी, तिकडे काही नसतं."

त्यांनी तिच्याकडे मान वळवली नाही. मला म्हणाले, "गफूर, घरच्या बायांले इचारून रंग देऊन राह्यला काय तू?"

वसंता शेजारीच उभा होता. खोली तुझ्या मनासारखी करून देतो, हे त्याने तिला माझ्यादेखत सांगितलेलं. तो पट्टे मोजत असल्यासारखा खाली बघत राहिला. आणि भाऊसाहेब जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झाली खोली. आता या घरात माहेराचा विषय कोणी काढायचा नाई."

मला आजही ते आठवलं की कान तापतात. ज्या माणसाने समुद्र पाहिला नाही, तो समुद्र पाहिलेल्या माणसाला सांगतो की पलीकडे देऊळ आहे. ती बघून आलेली, हे ऐकून तरी घ्यायचं होतं. तेही नाही. तिचा बाप लांब, नवरा मुका, आणि आता भिंतही तिची नाही. मायनी सुपारीचा डबा झाकला आणि खाली गेल्या.

दोन दिवसांत तेलाचा रंग वाळत नाही. भाऊसाहेबांना ते माहीत नव्हतं, आणि दुसरंही एक माहीत नव्हतं. मी खाली जाऊन चुना कालवला. सरस घातला, गेरू घातला, हिरवा घातला. आणि तेलाच्या समुद्रावर चुन्याचा काठ काढला. देऊळ काढलं, कळस काढला, लाल कौलांचा बंगला काढला. फार सुबक काढला. हे टिकणार नाही असं मी कोणाला सांगितलं नाही. घरच्या बायांना विचारून रंग देऊ नको म्हणाले होते, घरच्या पुरुषांना सांगून दे असं कुठे म्हणाले होते? याला कोणी लबाडी म्हणेल. म्हणू दे.

दिवाळीला पाहुणे आले, त्यांनी देवळाला लांबूनच हात जोडले. सुमतीने आपली उशी पलंगाच्या दुसऱ्या टोकाला नेली, निजताना भिंतीकडे पाठ येईल अशी. हे मला मायनी पुढे सांगितलं.

मग उन्हाळा लागला. आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो ते मी सांगायला नको. चैत्रात कळस गेला. नंतर बंगल्याची कौलं गेली. वैशाखात मला बोलावणं आलं. माडीवर गेलो तर जमिनीवर पोपड्यांचा सडा, आणि भिंतीवर समुद्र होता तसा, आभाळात मिसळलेला. भाऊसाहेबांनी चार माणसांसमोर मला झाडलं. तुझं काम कच्चं, तुझा बाप चांगला होता, तू बिघडलास. मी ऐकून घेतलं. गावात दोन वर्षं गफूरचा चुना गळतो अशी माझी ख्याती झाली, तीही सोसली.

"आजच्या आज परत काढ," भाऊसाहेब म्हणाले.

"काही काढू नको," खाटेवरून माय म्हणाल्या.

त्या घरात त्यांचा आवाज चार माणसांत कोणी ऐकलेला नसावा, कारण सगळ्यांच्या माना खाटेकडे वळल्या. माय म्हणाल्या, "पडलं ते बरं झालं. सुमती म्हणते पलीकडं काही नाई. तुमी म्हणता आहे. सहा महिने मी हेच पाहून राह्यली. आता मी जातो, अन् डोळ्यानं पाहून येतो."

"कुठी जाते?"

"समुद्रावर."

"कोनासंगं?"

"सुनेसंगं. घरात रस्ता तिलेच माहीत आहे."

"अन् तुह्ये गुडघे?"

"गुडघे माह्ये आहेत," माय म्हणाल्या. "दोन वर्षं त्याईचं नाव सांगून पोरीले अडवलं. मले कोणी इचारलं नाई ते दुखते का."

भाऊसाहेब हसून बघत होते, मग त्यांचं हसू गेलं. सुनेला नाही म्हणता येतं, त्याला कारणं तयार असतात. चाळीस वर्षं घर चालवलेल्या बायकोला चार माणसांसमोर काय सांगणार? सुमती उंबऱ्याशी होती. ती आत आली आणि केरसुणीने देवळाचे पोपडे लोटायला लागली. मी शिडी उचलली आणि निघालो, कारण माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, आणि ते चुन्याचं नव्हतं.

गेले ते तिघं. पोचवायला वसंता गेला, म्हणजे दोन वर्षं जे जमत नव्हतं ते एका आठवड्यात जमलं. मुंबईपर्यंत रेल्वे, पुढे बोट. परत आले ते मृगाच्या तोंडावर, दोघंच. मायनी मला निरोप धाडला. मी गेलो तेव्हा त्या माडीवर भिंतीसमोर बसल्या होत्या. भाऊसाहेब दारात उभे. ते बायकोला विचारत होते, आणि एकदाच विचारत नसावेत, "सून कुठी आहे?"

"राह्यली. तिकडचा पावसाळा पाहून येईन म्हणते. मी म्हटलं राह्य."

"अन् कधी येईन?"

"येईन तिच्या मनानं."

मग मला म्हणाल्या, "बस गफूर. बोटीत एका अंगानं काठ होता. दुसऱ्या अंगानं नाई. दिवसभर पाह्यलं, बोटवाल्याले इचारलं. नाई म्हणजे नाई." मी मान हलवली. मला वाटलं शाबासकी येते. पण माय भिंतीकडे बघून कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "पण तू चुकला. तो आवाज करते. रात्रभर करते, थांबतच नाई. तू आवाज काढला नाई."

मी म्हटलं, "माय, आवाज भिंतीवर कसा काढू?"

"ते मले काय माहीत? पेंटर तू का मी?"

सुमती दसऱ्याच्या आधी परत आली, आपल्या मनाने. तिच्या ट्रंकेत एका डब्यात वाळू होती, कोंड्याच्या रंगाची. त्यानंतर ती दर उन्हाळ्यात माहेरी गेली. त्यासाठी कोणी कोणाला विचारल्याचं मी ऐकलं नाही. भिंत तशीच राहिली. वसंताला मुलं झाली, ती त्या खेकड्याला घाबरत मोठी झाली.

आता शेवटचं. पुढे तीनचार वर्षांनी, पुसदच्या बाजाराच्या दिवशी, भाऊसाहेब माझ्या दुकानात आले. काम काही नव्हतं. बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, पाणी प्याले. मी एका शाळेची पाटी लिहीत होतो. ते बराच वेळ अक्षरं बघत बसले. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "गफूर, एक सांग. खरंच पलीकडं काही नाई काय?"

त्यांना काहीतरी मऊ बोलावं असं एक क्षण वाटलं. म्हातारे दिसत होते. पण मला ती दिवाळी आठवली, आणि उंबऱ्याशी उभी असलेली ती मुलगी, जिच्याकडे त्यांनी मानही वळवली नव्हती.

"मले काय इचारता भाऊसाहेब," मी म्हटलं. "मी तरी कुठी पाह्यला समुद्र? तुमच्या घरात दोन बाया पाहून आल्या. त्याईले इचारा."

त्यांनी टोपी घातली आणि उठले. ढाणकीच्या गाडीची वेळ झाली म्हणून गेले. त्यांनी घरी विचारलं की नाही, ते मला अजून माहीत नाही.